अपस्फीत नीला, गर्भारपणातील

गर्भारपणात पाय, मांड्या आणि क्वचित बाह्य जननेंद्रिये यांच्या त्वचेलगतच्या नीला (रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्या) फुगून रुंद व नागमोडी होतात, त्या विकाराला ही संज्ञा लावतात. बोलीभाषेत यास ‘पायाच्या शिरा फुगणे’ व डॉक्टरी व्यवहारात ‘व्हेरिकोज व्हेन्स’ असे म्हणतात. बहुसंख्य स्त्रियांत हा विकार सौम्य असतो व प्रसूतीनंतर बराचसा ओसरतो. तथापि त्यापासून होणारी वेदना रोजचे काम अशक्य करण्याइतकी तीव्र असू शकते. शिवाय पाय दुखणे व सुजणे हीच लक्षणे खोल नीलेत रक्ताची गुठळी झाल्यासही आढळतात आणि ती अवस्था प्राणघातक ठरू शकते. या दोहोंतील भेद गर्भिणीला व तिच्या घरच्या मंडळींना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

शारीर व इतिहास : पायातील रक्ताला हृदयाकडे जाताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढावे लागते. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावून खोल नीलांवर दाब देतात व रक्त वर ढकलतात. नीलांतील झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. नीला रुंदावली की झडपेची दोन्ही दले एकमेकांस भिडत नाहीत, रक्त खाली साचते व नीला आणखी फुगते. फाब्रीत्स्यूस या इटालियन शारीरविज्ञांनी १६०३ मध्ये या झडपांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे शिष्य विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडताना याच झडपांचा आधार घेतला. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वर्णिलेल्या सिराज ग्रंथीचा काही अभ्यासक या विकाराशी संबंध जोडतात.

कारणे : गर्भारपणात तीन कारणे एकत्र येतात. (१) प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनामुळे नीलांच्या भित्तीतील स्नायू शिथिल होतात. गर्भाशय लहान असतानाच, पहिल्या तिमाहीत, काही स्त्रियांच्या शिरा दिसू लागतात त्या यामुळेच. (२) शरीरातील रक्ताचे एकूण घनफळ ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. (३) वाढलेले गर्भाशय श्रोणीतील नीलांवर व उदरातील अधोमहानीलेवर दाब देते. उताण्या झोपलेल्या गर्भिणीच्या मांडीतील नीलेतला दाब गर्भारपणाच्या अखेरीस प्रारंभीच्या सु. तिप्पट होतो. श्रोणीतील डाव्या नीलेवरून उजवी रोहिणी आडवी जात असल्यामुळे डाव्या बाजूच्या रक्तप्रवाहास अधिक अडथळा होतो. आनुवंशिकता, अनेक बाळंतपणे, वाढते वय, स्थूलता, जुळी गर्भधारणा आणि दीर्घकाळ उभ्याने करावयाचे काम यांमुळे विकाराची शक्यता वाढते.

लक्षणे : पाय जड वाटणे, ठणकणे, जळजळ, खाज, रात्री पोटरीत गोळे येणे व संध्याकाळी घोट्यांशी सूज येणे ही नेहमीची लक्षणे होत. त्रास दिवसभर उभे राहिल्याने वाढतो व पाय उंच ठेवल्यास कमी होतो. हीच या विकाराची खूण होय. बाह्य जननेंद्रियांवरील शिरा फुगल्यास तेथे ओढ व जडपणा जाणवतो. लाजेमुळे ही तक्रार बहुधा सांगितली जात नाही. मूळव्याध हा गुदाच्या नीलांचा तशाच प्रकारचा विकार असून तो पुष्कळदा सोबत आढळतो.

धोक्याच्या खुणा : एकच पाय (बहुधा डावा) एकाएकी सुजणे, पोटरी किंवा मांडी सतत दुखणे, पाय गरम व लालसर किंवा निळसर होणे आणि पाय उंच ठेवूनही आराम न पडणे या खुणांवरून खोल नीलेतील गुठळीची शंका घ्यावी. गर्भारपणात हा धोका एरवीच्या सु. चार-पाच पट असतो व प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत तो सर्वाधिक असतो. गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास छातीत दुखते, धाप लागते, खोकल्यातून रक्त पडते आणि मृत्यूही ओढवू शकतो. अशा रुग्णेस विनाविलंब रुग्णालयात न्यावे. सुजलेला पाय चोळू वा मळू नये. गुठळीवरील हेपारीन हे औषध वारेतून गर्भाकडे जात नसल्याने गर्भारपणात देता येते. त्वचेलगतच्या शिरेचा दोरीसारखा कठीण व दुखरा झालेला भाग सहसा तितका घातक नसतो, पण तोही डॉक्टरांस दाखवावा. तोंड व हात सुजणे, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी येणे ही लक्षणे शिरांची नसून वाढलेल्या रक्तदाबाची असू शकतात.

फुगलेली शीर फुटल्यास रक्तस्राव भीतिदायक वाटतो, परंतु तो थांबविणे सोपे असते. रुग्णेस ताबडतोब आडवे करून पाय उंच धरावा व स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून ठेवावी. उभे ठेवल्यास स्राव वाढतो. प्रथमोपचारानंतर रुग्णालयात जावे.

उपचार : गर्भारपणातील उपचार मुख्यतः दाब, उंची व हालचाल या तीन गोष्टींवर आधारलेले आहेत. लवचिक मोजे किंवा क्रेपची पट्टी सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी चढवावी. पट्टी पावलापासून वर गुंडाळावी, खालचे वेढे वरच्यांपेक्षा किंचित घट्ट असावेत व बोटे निळी पडू नयेत. गुडघ्याखाली आवळणारे रबरी बंद वापरू नयेत. दिवसातून तीन-चार वेळा पाय उंच ठेवून पडावे. खेड्यात बाजेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा ठेवल्यानेही हे साधते. शेवटच्या महिन्यांत उताणे न निजता डाव्या कुशीवर निजावे, म्हणजे अधोमहानीलेवरील दाब हलका होतो. एका जागी उभे राहणे भाग असल्यास टाचा वरखाली कराव्यात. रोज चालावे. बद्धकोष्ठामुळे कुंथावे लागते व नीलांतील दाब वाढतो, यास्तव भाकरी, पालेभाज्या व भरपूर पाणी घ्यावे. नीलेत औषध टोचून ती बंद करणे किंवा शस्त्रक्रिया हे उपाय गर्भारपणात टाळतात. प्रसूतीनंतर काही महिन्यांत शिरा आपोआप लहान होत असल्यामुळे त्यांचा विचार नंतर करतात.

प्रसूती व सूतिकावस्था : फुगलेल्या शिरा, अगदी जननेंद्रियांवरीलही, स्वाभाविक प्रसूतीस सहसा आड येत नाहीत व केवळ त्यांसाठी उदर छेदून प्रसूती करण्याचे कारण नसते. मात्र प्रसूती करणाऱ्यास त्यांची पूर्वकल्पना द्यावी, कारण छेद घेताना वा त्वचा फाटल्यास रक्तस्राव अधिक होऊ शकतो. कळा येत असताना शक्य तितके चालावे, कूस बदलावी व पाय दीर्घकाळ टांगून ठेवू नयेत.

महाराष्ट्रात बाळंतिणीस सव्वा महिना विश्रांती देण्याची प्रथा आहे. जड कामापासून सुटका म्हणून ती हितकर आहे, परंतु विश्रांती म्हणजे दिवसभर बाजेवर पडून राहणे नव्हे. अचल पायांत गुठळी होण्याचा संभव वाढतो, म्हणून प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर उठून थोडे चालावे. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीने तर हे अवश्य करावे. पाणी कमी देण्याची चाल हानिकारक आहे. उष्णतेने नीला आणखी रुंदावतात म्हणून बाजेखालच्या शेगडीचा शेक पायांना देऊ नये. अंग चोळताना फुगलेल्या शिरांवर जोर लावू नये.

अहिल्यानगर जिल्ह्यातील स्थिती : क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) या विकाराचा श्रमाशी असलेला संबंध स्पष्ट दिसतो. उत्तरेत प्रवरेच्या व गोदावरीच्या कालव्यांवर उसाचे मळे व साखर कारखाने आहेत. दक्षिणेतील पाथर्डी, जामखेड यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतून हंगामात ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. ऊसतोडीत पतीपत्नीचा मिळून एक ‘कोयता’ धरतात. पहाटेपासून वाकून तोडणे, मोळ्या बांधणे व त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरणे ही कामे गर्भिणीलाही चुकत नाहीत. घेतलेली उचल फेडावयाची असते व खाडा झाल्यास पैसे कापले जातात. अशा स्त्रीस ‘पाय उंच ठेवून विश्रांती घ्या’ हा सल्ला देणे सोपे, पण पाळणे कठीण असते. १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. परंतु मुकादमामार्फत कामास लागलेल्या स्त्रीच्या हाती ती सहसा पडत नाही. तिच्यासाठी पट्टी बांधून कामाला जाणे, मोळी वाहण्याऐवजी बसून करावयाचे काम मागून घेणे व दुपारी पाचटावर पाय उंच करून थोडा वेळ पडणे एवढे उपाय तरी शक्य कोटीतील आहेत.

याच जिल्ह्यात जामखेड येथे रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातीलच, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांना शिकवून गर्भिणींची देखभाल व प्रसूती यांची जबाबदारी त्यांच्याकडे सोपविता येते, हे या प्रकल्पाने दाखवून दिले. त्याबद्दल उभयतांना १९७९ मध्ये रेमन मॅगसायसाय पुरस्कार मिळाला. २००५ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली नेमलेल्या आशा कार्यकर्त्यांचे कामही याच दिशेचे आहे. शिरांच्या विकारात अशा कार्यकर्तीचे महत्त्व विशेष आहे. पुरुषांसमोर वा डॉक्टरांसमोर न सांगितली जाणारी तक्रार तिला सांगितली जाते. दोन्ही पाय जड होणे आणि एकच पाय एकाएकी सुजणे यांतील फरक तिने ओळखला, तर पहिल्या स्त्रीला घरीच आराम देता येतो व दुसरीला वेळीच रुग्णालयात पोहोचविता येते.