भूगर्भातील धन : मौल्यवान धातू व अधातू खनिजे

लखनौ शहर चांदीच्या वर्खासाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. चांदीचे लहान तुकडे कातड्याच्या पानांमध्ये ठेवून त्यांवर हातोड्याचे घाव घालीत गेले, की फुंकरीने उडेल इतका पातळ वर्ख तयार होतो. याच शहरात नबाब असफउद्दौला याने १७८४ च्या सुमारास, दुष्काळपीडितांना काम मिळावे म्हणून, बांधावयास घेतलेला बडा इमामबाडा उभा आहे. त्याच्या मुख्य दालनास तुळयांचा आधार नाही. विटा व चुना यांच्या कमानदार छतानेच सर्व भार पेलला आहे. वर्खाची चांदी हा मौल्यवान धातू, तर इमामबाड्याचा चुना हे एका अधातू खनिजाचे रूप होय. देशाच्या दृष्टीने या दोहोंत अधिक मोलाचे कोणते?

सोने, चांदी व प्लॅटिनम यांना मौल्यवान धातू म्हणतात. सोने हवापाण्याने गंजत नाही, त्याची तार काढता येते. परंतु त्याची किंमत मुख्यतः दुर्मिळतेमुळे आहे. खडकात ते अत्यंत विरळ विखुरलेले असते. भारतातील कोलारच्या विख्यात खाणी २००१ साली बंद झाल्या. कर्नाटकातीलच हट्टी येथे सोन्याचे उत्पादन चालू आहे. आपली चांदी मुख्यतः राजस्थानातील जस्त व शिसे यांच्या धातुकांपासून मिळते.

धातुक व धातू यांतील भेद ध्यानात न घेतल्यास काय घडते, याचे उदाहरण उत्तर प्रदेशातच सापडते. सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टनांहून अधिक सोने सापडल्याची वार्ता फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वत्र पसरली. त्या वेळी रिझर्व्ह बँकेजवळचा सोन्याचा साठा सहाशे टनांच्या सुमारास होता. तेव्हा देश एका दिवसात धनाढ्य झाला, असे अनेकांस वाटले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने लगेच खुलासा केला. तिच्या १९९८ ते २००० या काळातील समन्वेषणात ५२,८०६.२५ टन धातुक आढळले होते व त्याच्या प्रत्येक टनात सरासरी ३.०३ ग्रॅम सोने होते. वाचकांनी हा गुणाकार स्वतः करून पाहावा. उत्तर सुमारे १६० किलोग्रॅम येते! शिवाय ते हाती येण्यासाठी सर्व खडक फोडून दळावा लागतो, रासायनिक द्रावणांनी सोने वेगळे करावे लागते आणि मागे उरणाऱ्या चुऱ्याची सुरक्षित व्यवस्था लावावी लागते.

आता अधातू खनिजांकडे वळू. ज्यांचा उपयोग धातू काढण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या गुणधर्मांसाठी होतो, ती ही खनिजे होत. चुनखडक सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला, की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून भिंतीत वापरला, की हवेतील तोच वायू हळूहळू शोषून पुन्हा दगडासारखा कठीण होतो. हाच चुनखडक मातीबरोबर अधिक उष्णतेत भाजला, की सिमेंट तयार होते. ज्या भागात सोन्याची वदंता उठली, तेथेच चुर्क येथे १९५४ साली चुनखडकाच्या बळावर राज्य सरकारचा सिमेंट कारखाना सुरू झाला होता.

प्रयागराजजवळील शंकरगढची शुभ्र वाळू काचेच्या कामी येते. ललितपूर जिल्ह्यातील फॉस्फेटयुक्त खडक खतास उपयुक्त आहे. महाराष्ट्रातही चंद्रपूर जिल्ह्यातील चुनखडक सिमेंटसाठी व सिंधुदुर्गातील सिलिकायुक्त वाळू कारखान्यांसाठी खणली जाते. घर, खिडकी व शेत या तिहींच्या मागे अशी साधी खनिजे उभी आहेत.

तथापि, ती विपुल आहेत म्हणून अक्षय आहेत असे नव्हे. पीक दरवर्षी येते. खडकाचे पीक एकदाच येते. म्हणून खनिजाचे मोल ठरविताना बाजारभावाबरोबर त्याचा साठा, त्याची प्रत आणि खाणकामाने होणारी भूमीची हानी यांचाही हिशेब मांडला पाहिजे. सोनभद्रचा साधा गुणाकार हेच शिकवितो.