दमेकऱ्याची खोली

शहरांतल्या रस्त्यावरची हवा कोणा एका कुटुंबाला बदलतां येत नाहीं. घरांतली हवा मात्र पुष्कळ अंशीं घरच्यांच्या हातांत असते, आणि दमेकऱ्याच्या बाबतींत ही गोष्ट वाटते त्याहून महत्त्वाची आहे. रात्रीचे सात-आठ तास तो एकाच खोलींत, एकाच गादीवर, उशीला नाक लावून काढतो. दम्याची उबळ उत्तररात्रीं किंवा पहाटे येण्याला शरीराचें दैनिक चक्र कारण आहेच. पण त्या उशींत काय आहे आणि खोलींत काय जळत आहे, याचाही त्यांत वांटा असूं शकतो.

दम्यांत श्वासनलिकांच्या अस्तराला सूज असते. रोगी हिंडता-फिरता असतांनाही ती पुष्कळदां असतेच. अशा चिडक्या नलिकांना धूर, धूळ, थंड हवा किंवा सर्दी यांचें निमित्त झालें कीं भोंवतालचे स्नायू आवळतात, अस्तर अधिक सुजतें, चिकट कफ सांचतो व वाट अरुंद होते. श्वास सोडणें विशेष कठीण जातें. छातींतून ऐकूं येणारी शीळ ही त्या अरुंद वाटेची. चरकसंहितेंत तमक श्वासाचें वर्णन आहे: निजल्यानें त्रास वाढतो, बसल्यानें बरें वाटतें, ढगाळ व थंड हवेंत पीडा अधिक होते. श्वासरोगाच्या कारणांत धूळ व धूर यांचीही गणना तेथें केली आहे. निरीक्षण जुनें, धुळींत नेमकें काय असतें हें कळावयास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें.

१९६० नंतरच्या दशकांत हॉलंडमधील लायडन येथें फोरहॉर्स्ट व स्पीक्स्मा या संशोधकांनीं घरांतल्या धुळींतला मुख्य अपराधी दाखवून दिला. तो आठ पायांचा, कोळ्याच्या दूरच्या नात्यांतला जीव. इंग्रजींत त्याला डस्ट माइट म्हणतात. लांबी मिलिमीटरच्या सुमारें एकतृतीयांश. माणसाच्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर तो जगतो आणि पाणी न पितां हवेंतली ओल शोषून घेतो. गादींत त्याला अन्न मिळतें, ऊब मिळते, आणि मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत ओलीचीही वाण नसते. तो चावत नाहीं. त्रास होतो तो त्याच्या विष्ठेच्या कणांतील प्रथिनांचा. हे कण जड असतात. गादी झटकली किंवा निजल्या निजल्या कूस बदलली कीं उठतात आणि थोड्याच वेळांत पुन्हां खालीं बसतात. हवा गाळणारें यंत्र कोपऱ्यांत रात्रभर फिरत असलें तरी उशीला लावलेल्या नाकाला त्याचा येथें फारसा उपयोग नाहीं, तो यामुळेंच.

नवरात्रापूर्वीं घरांतल्या यच्चयावत् गोधड्या धुऊन उन्हांत वाळविण्याची महाराष्ट्रांतली चाल या दृष्टीनें शहाणपणाचीच. फक्त वर्षांतून एकदां तें करून दमेकऱ्याचें भागत नाहीं. चादरी व अभ्रे आठवड्याला ६० अंश सेल्सियसच्या पाण्यांत धुतले तर हे जीव मरतात. गार पाण्यानें कण पुष्कळसे वाहून जातात, जीव मात्र बरेच उरतात. गादी-उशीला दाट विणीची खोळ घालावी. एकटी खोळ पुरत नाहीं हें प्रयोगांवरून दिसून आलें आहे. धुणें, कोरडेपणा व स्वच्छता यांची जोड तिला लागते. केरसुणीपेक्षां ओलें फडकें बरें, आणि झाडतांना दमेकऱ्यानें खोलीबाहेर असावें.

धुराची कथा निराळी. त्याचे कण अडीच मायक्रॉनांहूनही बारीक असतात. माणसाचा केस सुमारें साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. हे कण तासन्‌तास तरंगतात व फुप्फुसांच्या तळापर्यंत पोंचतात. डांसांची एक कॉइल पुरती जळली तर ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत मोजलें गेलें. आणि ती लावावयाची कोठें, तर निजलेल्या मुलाच्या खाटेखालीं, खिडक्या मिटून! मच्छरदाणी हा जुना उपाय येथें निःसंशय श्रेष्ठ आहे. उदबत्ती, धूप व ऊद यांचीही गोष्ट तीच. पूजा त्यावांचून अडत नाहीं. फूल वाहतां येतें. ज्या घरांत दमेकरी मूल आहे तेथें सिगारेट मुळींच नसावी. गॅलरींतला धूर आंत येतोच. स्वयंपाकाच्या गॅसमधून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइडही श्वासनलिकांना चिडवितो, म्हणून फोडणीच्या वेळीं खिडकी उघडी व बाहेर हवा फेंकणारा पंखा चालू असावा.

भिंतीच्या ओलीवर नुसता रंग चढविला तर बुरशी रंगाखालून पुन्हां येते. गळती शोधून बंद केली पाहिजे. झुरळांच्या अंगाचे व विष्ठेचे कणही दमा उठवितात; त्यांच्यावर फवारा मारण्याऐवजीं खरकटें झांकणें व गोळी-लेप ठेवणें बरें. हवा गाळणारें यंत्र घ्यावयाचेंच तर हेपा गाळणीचें घ्यावें. ओझोन सोडणारें नको, कारण ओझोननें श्वासनलिका दाहतात. कुंड्यांतलीं झाडें शोभेचीं. त्यांच्यानें खोलीची हवा शुद्ध होत नाहीं.

एवढें सारें केलें तरी औषध सुटत नाहीं. ‘पंपाची संवय लागते’ ही समजूत अनेक सुशिक्षित घरांतही आहे आणि ती जीवावर बेतते. श्वासावाटे घेतलेलें सूज उतरविणारें औषध अल्प मात्रेंत थेट जागीं पोंचतें. त्याचें व्यसन लागत नाहीं. दम लागला कीं नुसता तात्पुरता आराम देणारा पंप ओढावयाचा व मूळ सुजेकडे पाहावयाचें नाहीं, ही रीत धोक्याची ठरल्यामुळें २०१९ पासून दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनांत मोठ्या माणसांस व किशोरांस तिची शिफारस केली जात नाहीं.

रोग्याला एक वाक्य सलग बोलतां येईना, फांसळ्यांमधली कातडी आंत ओढली जाऊं लागली, ओंठ निळसर दिसूं लागले, किंवा पंप घेऊनही उतार पडेना, तर वाफारा, काढा यांत वेळ न दवडतां पंप चालू ठेवूनच त्याला बसल्या स्थितींत तत्काळ रुग्णालयांत न्यावें.