ऑटिझम असलेल्या मुलासोबत गोधडी का शिवावी? चिंध्या, खळ आणि घरातल्या कलेची गोष्ट

सावदा म्हटलं की आधी केळी आठवते. रावेर तालुक्यातलं हे गाव, आणि इथल्या पट्ट्यातून ट्रकच्या ट्रक माल उत्तरेकडे जातो. पण केळीच्या या मुलखात, खरं तर अख्ख्या खान्देशात, उन्हाळ्याच्या दुपारी आणखी एक काम निघायचं. जुनी लुगडी, विरलेली धोतरं, पोरांचे आखूड झालेले सदरे ओसरीवर पसरायचे आणि गोधडी घालायला घ्यायची. आता मॉलमधली ब्लँकेटं आली, तरी कपाटाच्या तळाशी आजीची एखादी गोधडी सापडतेच.

आता दुसरी गोष्ट बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण 127 माणसांमागे एकाला ऑटिझम आहे. पाच हजार वस्तीच्या गावाला हा हिशेब लावला तर चाळीसच्या आसपास माणसं होतात. तेवढी आपल्याला दिसतात का? लग्नात, जत्रेत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये? नाही दिसत. काहींना आपण 'हट्टी', 'येडं', 'लाडावलेलं' म्हणून मोकळे होतो आणि काहींना घरचेच बाहेर आणत नाहीत.

या दोन गोष्टींचा संबंध काय? तर ऑटिझम असलेल्या मुलासोबत घरात बसून करता येईल, महाग साहित्य लागणार नाही आणि ज्यात तो 'पेशंट' नसेल, असं काम आईवडील शोधत असतात. गोधडी आणि तिची कागदी बहीण, म्हणजे कोलाज, ही अशी दोन कामं आहेत.

आधी ऑटिझम समजून घेऊ

हा आजार नाही, मेंदूच्या वाढीची वेगळी तऱ्हा आहे. हाक मारली तरी मूल वळून बघत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, बोलणं उशिरा येतं किंवा येतच नाही. एकच कृती पुन्हा पुन्हा करतं. कुकरची शिट्टी, गर्दी, कपड्याचं लेबल अशा साध्या गोष्टी काहींना असह्य होतात. प्रत्येकात याचं मिश्रण वेगळं असतं. मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रुळलाय, पण तो थोडा फसवा आहे. त्यातून वाटतं की हे मूल स्वतःतच रमलंय, त्याला बाकी कुणाचं काही नाही. प्रत्यक्षात बऱ्याच जणांना जगाचं जरा जास्तच जाणवत असतं.

आणि यात आईचा दोष नसतो. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतल्या डॉक्टरांनीही आई थंड स्वभावाची असल्यामुळे असं होतं, असं मानलं होतं. 1964 साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून ते खोडून काढलं. तो स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता. आपल्याकडे अजूनही सासरची मंडळी सुनेकडेच बोट दाखवतात, तो भाग वेगळा.

गोधडीच का?

गोधडीचा टाका म्हणजे साधा धावदोरा. अनेक घरांत तो बाहेरच्या कडेने सुरू होतो आणि चौकोनात चौकोन करत मधोमध येतो. तोच टाका, तेच अंतर, शेकडो वेळा. आपल्याला कंटाळा येईल, पण पुढे काय होणार हे आधीच माहीत असणं ऑटिझम असलेल्या अनेकांना फार आवडतं. एरवी 'एकच गोष्ट काय करत बसतोस' म्हणून ज्याला ओरडा बसतो, त्याची तीच सवय इथे कामाला येते.

दुसरं कारण बसण्याच्या पद्धतीत आहे. गोधडीवर माणसं शेजारी शेजारी बसतात, नजर कापडावर असते. डोळ्यांत बघून बोलायची सक्ती नसते. आजी एका कडेला, नात दुसऱ्या कडेला आणि मध्ये दोघींचं एकच काम. थेरपीच्या खोलीत जे घडवून आणायला कष्ट पडतात, ते इथे आपोआप जमायची शक्यता असते.

सुरुवात सुईने करायची नाही. आधी चिंध्यांचा ढीग पुढ्यात टाकायचा आणि निवडू द्यायचं. काही मुलं रंगाने गट पाडतात, काही स्पर्शाने. जरीचा काठ टोचतो म्हणून फेकला, कडक कापड नको म्हटलं, आईची मऊ पडलेली साडी मात्र गालाला लावून बसला, तर तुम्हाला बरंच काही कळलं. न बोलणाऱ्या मुलाने आपल्या आवडीनिवडीची यादीच दिली ना. मग तुकडे जमिनीवर मांडायला द्यायचे. मांडणी त्याची, ती 'नीट' करायला जायचं नाही. सगळ्या निळ्या चिंध्या एका कोपऱ्यात आल्या तर येऊ द्या. सुई नंतर, हाताला सवय झाल्यावर, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. काही जण सुईपर्यंत पोचणारच नाहीत, तरी गोधडी त्यांचीच.

जड गोधडीने झोप लागते का?

इंटरनेटवर 'वेटेड ब्लँकेट' जोरात विकलं जातं. अंगावर दाब आला की शांत वाटतं, हा अनुभव खरा आहे. टेंपल ग्रँडिन या अमेरिकेतल्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक स्वतः ऑटिस्टिक आहेत. इंजेक्शन देताना गुरांना दोन्ही बाजूंनी धरणारा सापळा तरुणपणी पाहून त्यांनी स्वतःसाठी तसंच दाब देणारं यंत्र बनवलं होतं.

पण झोपेचं काय? 2014 साली ब्रिटनमधल्या 67 ऑटिस्टिक मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जड ब्लँकेटने झोपेचे तास वाढले नाहीत. गंमत म्हणजे मुलांना आणि आईवडिलांना तरीही तेच आवडलं. त्यामुळे आवडत असेल तर घ्यावं, औषध समजून नाही. आणि एक इशारा: कॅनडाच्या क्युबेक प्रांतात 2008 साली 9 वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाचा शाळेत अशा ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला असताना मृत्यू झाला होता. मुलाला स्वतःहून बाजूला करता येणार नाही असं जड पांघरूण कधीच घालू नये, डोक्यावरून तर नाहीच.

कोलाज: चित्र आणि बोलणंही

पिकासो आणि ब्राक यांनी 1912 च्या सुमारास कॅनव्हासवर कागद चिकटवले आणि कोलाज 'कला' झालं, असं पुस्तकात असतं. याचा एक धागा सावद्याच्या शेजारी येतो. जवळच्या फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. तिथली सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी केली, तीही गांधीजींच्या आग्रहाने गावात मिळणाऱ्या वस्तूंमधून. याच नंदलालबाबूंचे शिष्य बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी 1957 च्या सुमारास पूर्ण गेली. त्यानंतर ते कागद कापून, हाताने चाचपत कोलाज करत राहिले. हातात ब्रश नीट धरता येत नाही म्हणून कुणी कलाकार नसतो, असं नाही.

घरात साहित्याची कमी नसते. जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरची पानं, बिस्किटाचे पुडे, एसटीची तिकिटं, केळीची वाळलेली पानं. चिकटवायला मैद्याची खळ पुरते. मात्र खळीचा चिकट स्पर्श काही मुलांना अजिबात सहन होत नाही. मग खळ मोठ्यांनी लावावी, मुलाने फक्त तुकडा ठेवावा.

यातून एक कामाची गोष्ट बनते. सकाळचा चहा, आंघोळ, शाळेची बॅग, आजोबांची सायकल, रात्रीचं अंथरूण यांचे फोटो किंवा चित्रं क्रमाने चिकटवली की दिवसाचा तक्ता तयार. चित्रांचे असे तक्ते ऑटिझमच्या शिक्षणात अनेक दशकं वापरले जातात. पाहुणे येणार, दवाखान्यात जायचंय, असा बदल आधी चित्रात दिसला की धक्का कमी बसतो. बोलता न येणारं मूल हव्या त्या चित्रावर बोट ठेवून सांगू शकतं.

कोड्याचा तुकडा नको

नेटवर 'ऑटिझम क्विल्ट' शोधलं तर जिगसॉ पझलच्या तुकड्यांची डिझाइन ढिगाने येतात. हे चिन्ह 1963 साली ब्रिटनमधल्या पालकांच्या संस्थेने घेतलं होतं, त्यात रडणारं मूलही होतं. आज अनेक ऑटिस्टिक माणसांना ते आवडत नाही. आम्ही कोडं नाही, आमच्यात तुकडा कमी नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. त्याऐवजी ते इंद्रधनुषी रंगांतलं अनंताचं चिन्ह वापरतात. गोधडीवर यातलं काहीच नसलं तरी बिघडत नाही. आजोबांच्या धोतराचा तुकडा आणि ताईचा शाळेचा गणवेश एकाच चौकोनात आला की घरच्यांना ओळख पटते.

रील करणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. मूल अस्वस्थ होऊन रडतंय, त्याचा व्हिडिओ 'जागृती' म्हणून टाकला जातो. तो व्हिडिओ मूल वीस वर्षांचं झालं तरी तिथेच असेल. गोधडीचा फोटो टाका, चेहरा कशाला? आणि विकायला ठेवलीच, तर त्यावर करणाऱ्याचं नाव आणि पैसे त्याच्या खात्यात, एवढं तरी हवं.

गोधडी उपचार नाही

हे स्पष्ट असावं. मूल दीड-दोन वर्षांचं होऊनही हाकेला वळत नसेल, बोट दाखवत नसेल, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणत थांबू नका. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला किंवा आशाताईंना सांगा, जिल्हा रुग्णालयात तपासणी होते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. त्यामुळे यूडीआयडी कार्ड निघतं. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला 1 लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो, थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. मूल 18 वर्षांचं झाल्यावर गरज असेल तर कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. 'आमच्यानंतर याचं काय' हा प्रश्न ज्या घरात रोज निघतो, त्यांनी हा अर्ज वेळेत करून ठेवावा.