पाण्याने पेटणारा धातू

आगीवर पाणी ओतले की ती विझते, हे घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. पण पाणी लागताच पेट घेणारे धातूही जगात आहेत, असे सांगितले तर तुम्हांला खरे वाटेल का? आणि ते तुमच्या घरातच आहेत म्हटले तर? जेवणातल्या मिठात सोडियम आहे आणि शेतात टाकायच्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पोटॅशियम. हे दोघे सख्खे भाऊच म्हणा ना!

इंग्लंडच्या हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने १८०७ साली विजेच्या साहाय्याने हे दोन्ही धातू प्रथम वेगळे केले. ते इतके मऊ, की चाकूने कापता येतात. इतके हलके, की पाण्यावर तरंगतात. हवा व ओलावा लागू नये म्हणून प्रयोगशाळेत ते रॉकेलसारख्या तेलात बुडवून ठेवतात.

असे का? अणूमध्ये इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म कण असतात. या धातूंच्या अणूत सर्वांत बाहेरचा कण एकटाच असतो, तोही पिकल्या फळासारखा सैल. पाणी भेटले की तो निसटतो. मग हायड्रोजन वायू सुटतो, अंग भाजणारा क्षार तयार होतो आणि उष्णता इतकी वाढते की हायड्रोजन भडकतो. पोटॅशियमचा कण अधिक सैल, म्हणून त्याचा भडकाही मोठा.

पण एक कोडे होते. सुटलेल्या वायूने धातू आणि पाणी यांना दूर सारायला हवे. मग स्फोट कसा होतो? २०१५ साली प्राग येथील पावेल युंगविर्थ व सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने ते टिपले. कण निसटल्याने धातूच्या थेंबावर धनभार उरतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात आणि क्षणार्धात थेंबाला काटे फुटतात. काट्यांमुळे ताजा धातू पाण्याला भिडतो आणि धडाका उडतो.

मग पोटॅशचे पोते भिजले तर? घाबरू नका. खतातल्या पोटॅशियमने आपला सैल कण क्लोरीनला आधीच देऊन टाकला आहे. ते पाण्यात नुसते विरघळते. पोत्यात ढेकळे होतील, एवढेच.

मुलांना मात्र बजावून ठेवा. शाळेतला सोडियमचा तुकडा गंमत म्हणून खिशात घालू नये. घामानेही तो भाजतो. आणि पेटलेल्या सोडियमवर पाणी कधीही ओतू नये, कोरडी वाळू टाकावी.