सॉफ्टवेअर-आधारित रेडिओद्वारे अंकीय ध्वनिप्रक्षेपणाचे ग्रहण : माहूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
जुन्या रेडिओ संचावर मध्यम लहरींवरील अंकीय प्रक्षेपण लावले असता शब्द ऐकू येत नाहीत, केवळ एकसारखी सळसळ ऐकू येते. त्या सळसळीत बातम्या व गीते दडलेली असतात. परंतु ती उलगडण्याची सोय त्या संचात नसते. आकाशवाणीने जानेवारी 2009 मध्ये दिल्लीजवळील खामपूर येथून डीआरएम या अंकीय पद्धतीचे नियमित प्रक्षेपण सुरू केले. पुढे देशातील तीसहून अधिक मध्यम लहरी केंद्रांवर डीआरएमक्षम प्रक्षेपक बसविण्यात आले. त्यांत मुंबई व पुणे यांचा समावेश होतो. हे संकेत महाविद्यालयीन प्रयोगशाळेत कसे उलगडता येतील, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :
पारंपरिक रेडिओत वारंवारतेची निवड व संकेताचे विमोडन ही कामे विद्युत्मंडले करतात. सॉफ्टवेअर-आधारित रेडिओत लहरींचे नमुने अंकांत रूपांतरित होतात व पुढील कार्य संगणक करतो. दूरचित्रवाणीसाठी बनविलेल्या आरटीएल2832यू चिपच्या डोंगलमधून असे कच्चे नमुने मिळू शकतात, हे 2012 मध्ये सर्वत्र ज्ञात झाले आणि ही विद्या अल्प खर्चात साध्य झाली.

मांडणी :
सामान्य डोंगलची मर्यादा सुमारे 24 मेगाहर्ट्झपासून सुरू होते. त्यामुळे मध्यम लहरींसाठी वारंवारता उंचावणारा परिवर्तक अथवा थेट नमुनाकरणाची सोय आवश्यक ठरते. ॲण्टेना एलईडी दिवे व मोबाइल चार्जर यांपासून दूर, शक्यतो इमारतीबाहेर असावा. संगणकाच्या पडद्यावर डीआरएम संकेत सुमारे 10 किलोहर्ट्झ रुंदीच्या सपाट पट्ट्यासारखा दिसतो. त्यात सुमारे दोनशे उपवाहक असतात. पुण्याचे 792 किलोहर्ट्झवरील पारंपरिक प्रक्षेपण चालू असताना अंकीय पट्टा त्याच्या शेजारीच, 10 किलोहर्ट्झ वर शोधावा.

हा पट्टा 'ड्रीम' या मुक्त सॉफ्टवेअरकडे आभासी ध्वनिवाहिनीद्वारे पाठवावा. प्रथम कालसमन्वय साधला जातो, नंतर प्रक्षेपणाची रचना व केंद्राची माहिती वाचली जाते, आणि अखेरीस ध्वनी प्रकट होतो. केंद्राचे नाव दिसूनही आवाज येत नसल्यास दोष बहुधा ॲण्टेनात नसून ध्वनिसंक्षेपाचे आवश्यक ग्रंथालय संगणकावर नसण्यात असतो.

माहूरचा संदर्भ :
माहूरपासून पुणे सरळ रेषेत सुमारे 450 किलोमीटर आहे. एवढ्या अंतरावर दिवसा भूपृष्ठलहर क्षीण होते. रात्री आयनांबरावरून परावर्तित लहर पोहोचते, परंतु ती सतत चढउतार करते. पारंपरिक आवाज अशा वेळी हळूहळू मंदावतो. अंकीय आवाज मात्र त्रुटिदुरुस्तीची मर्यादा ओलांडताच एकदम तुटतो. संध्याकाळपासून दर अर्ध्या तासाने संकेत-गोंगाट गुणोत्तर व आवाजाची उपलब्धता नोंदविल्यास, आयनांबर व त्रुटिदुरुस्ती हे पाठ्यपुस्तकातील दोन्ही विषय विद्यार्थ्यांना स्वतःच्या आकड्यांतून समजतील. आवाज न मिळालेली रात्रही या नोंदीत तितकीच मोलाची आहे.

कायद्याची मर्यादा :
अशाच उपकरणाने वॉकीटॉकीचे अंकीय संभाषणही टिपता येते. नवरात्रात रेणुकादेवीच्या यात्रेस मोठी गर्दी होते. तेथील बंदोबस्ताचे बिनतारी संभाषण हा प्रयोगाचा विषय होऊ शकत नाही. दूरसंचार अधिनियम, 2023 चे कलम 42 हे 26 जून 2024 पासून लागू असून, संदेश बेकायदा टिपल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. संकेत गुप्त केलेला नसणे म्हणजे ऐकण्याची परवानगी असणे नव्हे. सार्वजनिक प्रक्षेपण मात्र सर्वांसाठीच असते. म्हणून प्रयोगाचा आरंभ तेथूनच करणे उचित.

समारोप :
मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांपासून दूर असलेल्या महाविद्यालयांत अंकीय संदेशवहन बहुतांशी फळ्यावरील आकृत्यांतून शिकविले जाते. एक डोंगल, तारेचा ॲण्टेना व जुना संगणक एवढ्या साहित्यावर ती आकृती प्रत्यक्ष आवाजात उतरू शकते. काय ऐकता येते यासोबतच काय ऐकू नये, हेही शिकविण्याची जबाबदारी अध्यापकाची आहे.