करार होता, मोकळीक नव्हती

रुआबांधा आज भिलाईतली गजबजलेली वस्ती आहे. १९५९ मध्ये इथल्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली आणि देशभरातून माणसं पोटासाठी भिलाईत आली; त्यांत मराठी कुटुंबंही होती. त्याच्या साठेक वर्षं आधी ओघ उलटा होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी छत्तीसगढची माणसं आसामच्या चहामळ्यांकडे ढकलली. त्यांच्याविषयी आणि एकूणच गुलाम व करारबद्ध मजुरांविषयी काही समजुती तपासायलाच हव्यात.

गैरसमज : इंग्रजांनी १८३३ मध्ये भारतातलीही गुलामगिरी संपवली.

वस्तुस्थिती : १८३३ च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. कंपनीच्या मुलखासाठी कायदा आला १८४३ मध्ये. त्यानेही गुलाम बाळगणं गुन्हा ठरलं नाही. गुलामावरचा हक्क कोर्टात चालेनासा झाला, इतकंच. गुलामांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली ती १८६० च्या दंडसंहितेत. छत्तीसगढ तर १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होतं, त्यामुळे तोवर १८४३ चा कायदाही तिथे लागू नव्हता.

गैरसमज : गुलामगिरी गोऱ्यांनी आणली, आपल्याकडे नव्हती.

वस्तुस्थिती : पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणी आणि बटकींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. पोर्तुगीज गोव्यात आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. परक्यांचा अन्याय मोजताना घरचा झाकून चालणार नाही.

गैरसमज : मजुरांनी करार केला, म्हणजे ते राजीखुशीने गेले.

वस्तुस्थिती : मजूर जमवणारे दलाल, म्हणजे आरकाटी, उपाशी गावांत फिरत आणि हलकं काम, भरपूर पगार अशी आमिषं दाखवत. खरी मेख कायद्यात होती. १८५९ च्या कायद्याने, उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगात धाडता येई. एरवी करार मोडला तर भरपाईचा दावा होतो. इथे कैदही होऊ शकत होती. १८६५ च्या कायद्याने पुरुषाला महिना ५ रुपये, बाईला ४ आणि मुलाला ३ रुपये किमान मजुरी ठरवून दिली, पण त्याच कायद्याने पळालेल्या मजुराला वॉरंटशिवाय पकडण्याचा अधिकार मळेवाल्याच्या हाती दिला. तो अधिकार १९०८ पर्यंत टिकला. मे १८६३ ते मे १८६६ या तीन वर्षांत आसामकडे सुमारे ८५ हजार मजूर नेले गेले. त्यांतले ३० हजारांहून अधिक तेवढ्यातच मेले किंवा पळाले.

गैरसमज : मग गुलाम आणि करारमजूर एकच.

वस्तुस्थिती : नाही. गुलाम विकला जाई आणि त्याचं मूलही मालकाचंच ठरे. करारमजुराला मुदत होती, मजुरी होती, त्याचं मूल जन्माने कुणाचं नव्हतं. हा फरक पुसला तर गुलामांचं दुःख लहान होतं. तरी दोन्ही प्रथांचा सांधा स्पष्ट दिसतो. मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. ‘ॲटलस’ जहाजाने भारतीय करारमजूर त्याच्या तीन महिने आधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुईला उतरवले होते. पुढे रत्नागिरीकडची मराठी माणसंही मुंबई बंदरातून तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेली.

गैरसमज : हे मजूर मुकाट सोसत राहिले.

वस्तुस्थिती : मे १९२१ मध्ये आसामातल्या चरगोला खोऱ्यातल्या हजारो मजुरांनी मळे सोडून गावची वाट धरली. वाटेत चांदपूरला गुरखा शिपायांनी त्यांच्यावर हल्ला केला. त्याआधी, १९१२ मध्ये, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी परदेशी करारमजुरी बंद करण्याचा ठराव केंद्रीय विधिमंडळात मांडला होता. तो फेटाळला गेला, पण १९१७ मध्ये ती भरती थांबलीच. दुष्काळात आसामला गेलेल्या अशाच एका छत्तीसगढी घराण्यात, आसामातच, मिनीमाता जन्मल्या. पुढे त्या छत्तीसगढच्या पहिल्या महिला खासदार झाल्या.

गैरसमज : हा सगळा जुना इतिहास.

वस्तुस्थिती : वेठबिगारी कायद्याने संपायला १९७६ उजाडलं. त्यानंतरही बिलासपूर जिल्ह्यातले मजूर फरिदाबादच्या दगडखाणींत अडकलेले सापडले. त्यांना सोडवून गावी आणलं, पण हाती काहीच दिलं नाही. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की नुसती सुटका पुरत नाही, पुनर्वसनही झालं पाहिजे. नाहीतर भूक त्यांना पुन्हा त्याच खाईत लोटेल.

म्हणून आजही वीटभट्टीवर किंवा बांधकामावर नेलेल्या मजुराबद्दल, कागदावर अंगठा आहे का, एवढंच विचारून थांबू नये. उचल फिटलेली नसताना त्याला काम सोडून घरी जाता येतं का, हे विचारावं. उत्तर नाही असेल, तर तो मजूर मोकळा नाही.