कॅमेरा पाहतो, पण लक्षात ठेवते ती पेटी

संगमनेर असो, श्रीरामपूर असो की राहाता, बाजारपेठेतून चालू लागले की सोनाराच्या दुकानावर, मेडिकलवर, पेट्रोल पंपावर, बिअर शॉपीवर कॅमेरा बसलेला दिसतो. 'आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात' अशी पाटीही असते. येणारा-जाणारा त्या कॅमेऱ्याकडे पाहतो. परंतु वायरवरचा कॅमेरा स्वतःजवळ काहीच ठेवीत नाही. तो फक्त डोळा आहे. त्याची वायर भिंतीवरून, छतातून जाते आणि गल्ल्याखाली किंवा माळ्यावर धूळ खात पडलेल्या एका पेटीत शिरते. त्या पेटीला डीव्हीआर म्हणतात. कॅमेरे इंटरनेटच्या जातीच्या केबलवर चालणारे असतील तर तिलाच एनव्हीआर म्हणतात. चार, आठ, सोळा कॅमेऱ्यांची चित्रे एकाच टीव्हीवर चौकोन पाडून दाखवावयाची आणि त्याच वेळी आतल्या हार्ड डिस्कवर साठवावयाची, हे तिचे काम.

या पेटीविषयी आम्ही एवढे का लिहितो आहोत, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका मजूर कुटुंबातील मुलाला तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर चौघांनी मारले. कारण क्षुल्लक होते, शिव्या मात्र जातीवरून होत्या. मुलगा दवाखान्यात, आई कधी दवाखान्यात, कधी पोलीस ठाण्यात. तक्रार लिहून घेण्यातच पाच दिवस गेले. समोरच्या दुकानाला कॅमेरे आहेत हे पहिल्याच दिवशी सर्वांनी पाहिले होते. "मारताना सगळं कॅमेऱ्यात आलंय, आता कुठं जातील?" असे म्हणून सारेच निर्धास्त राहिलो. त्यात आम्हीही होतो. बाराव्या दिवशी त्या माउलीबरोबर आम्ही दुकानात गेलो. मालक भला माणूस. त्याने पेटी उघडून दाखविली. तारखा मागे मागे नेल्या, तर सर्वांत जुने चित्र सहा दिवसांपूर्वीचे! त्याआधीचे सारे पुसून गेले होते. कोणी मुद्दाम पुसले नव्हते. पेटीने आपले नेहमीचे काम केले होते.

हिशेब साधा आहे. एखादा कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या गतीने चित्र पाठवीत असेल, तर दिवसाला सुमारे २१ ते २२ जीबी जागा लागते. आठ कॅमेऱ्यांना दिवसाला पावणेदोनशे जीबीच्या आसपास. लहान दुकानदार बहुधा १ टीबीची, म्हणजे १००० जीबीची डिस्क घेतो. ती सहाव्या दिवशी भरते. मग पेटी थांबत नाही. सर्वांत जुन्या दिवसावर नवा दिवस लिहीत जाते. कॅमेरे चारच असले तर अकरा-साडेअकरा दिवस मिळतात. हालचाल झाली तरच साठवावयाचे, अशी सोय लावली असेल तर आणखी काही. डिस्क मोठी असेल तर महिनाही. पण बाहेरून पाहणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून आपण आठवड्याच्याही आतला हिशेब धरावा.

पूर्वी हे काम कॅसेटवर होत असे. एक यंत्र चार कॅमेऱ्यांची चित्रे एका पडद्यावर आणी, आणि तीन तासांची व्हीएचएस कॅसेट चोवीस तास पुरावी म्हणून मधली मधली चित्रे गाळून टाकी. कॅसेट बदलावयास तरी माणूस लागे. आताच्या पेटीला कोणीच लागत नाही. विसरण्याचे कामही ती एकटीच करते.

आपल्या जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, या पेटीचे मोल काय ते दोन प्रकरणांवरून कळते. १६ मे २०१५ रोजी शिर्डीत नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या एका तरुणाच्या मोबाईलवर बाबासाहेबांवरील गाण्याची रिंगटोन वाजली. त्यावरून त्याला बिअर शॉपीत मारहाण झाली, तेथून उचलून नेले आणि त्याचा खून झाला. त्याचे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्या दुकानातील कॅमेऱ्यात मारहाणीचे चित्र आले होते आणि ते पोलिसांच्या हाती लागले. चित्र हाती नसते तर 'दारूच्या दुकानातले भांडण' म्हणून त्या मरणाची बोळवण करावयास किती तोंडे पुढे आली असती, हे वाचकांस वेगळे सांगावयास नको.

त्याच्या आदल्या वर्षीचे, २८ एप्रिल २०१४ चे, जामखेड तालुक्यातील खर्डा प्रकरण. १७ वर्षांच्या शाळकरी मुलाचा जीव गेला. खटल्याची सारी मदार माणसांच्या तोंडी साक्षीवर. एकामागून एक साक्षीदार फितूर झाले आणि २३ नोव्हेंबर २०१७ रोजी सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदाराला गावात राहावयाचे असते. त्याचे शेत, त्याची मजुरी, त्याच्या लेकीबाळी गावातच असतात. आम्ही त्याची भलामण करीत नाही, पण त्याची भीती खरी असते. पेटीला गाव नाही, सोयरे नाहीत. ती फितूर होत नाही, फक्त विसरते.

तेव्हा घटना घडल्यावर पहिल्या चोवीस तासांत कोणी एकाने हेच काम अंगावर घ्यावे. जखमीजवळ दहा जण असतात, त्यांतला शिकलेला एक पुरे. आसपासचे कॅमेरे कोणत्या दुकानांचे, त्यांची तोंडे कोणीकडे, घटना किती ते किती वाजता, हे कागदावर लिहावे. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा, की अमुक वेळेचे चित्रीकरण पुसले जाण्यापूर्वी ताब्यात घ्यावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली अशी वस्तू हजर करण्यास सांगता येते आणि कलम १०६ खाली पोलिसांना ती जप्त करता येते. अर्जाच्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी. पोच मिळत नसेल तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने धाडावा. दुकानदाराशी हुज्जत घालू नये, दटावू तर मुळीच नये. "दादा, एवढे पुसू देऊ नका," असे विनवावे आणि त्यालाही अर्जाची प्रत द्यावी.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पेटीचे घड्याळ चुकलेले असते. कधी दहा मिनिटे, कधी तासभर, वीज जाऊन आतला सेल संपला असेल तर वर्षही चुकते. तेव्हा पेटीच्या पडद्यावरची वेळ आणि आपल्या मोबाईलवरची वेळ यांचा एकत्र फोटो काढून ठेवावा. नाहीतर पुढे उलटतपासणीत "आरोपी त्या वेळी तेथे नव्हताच" एवढे म्हटले तरी सारे चित्र लटके पडू लागते.

पडद्यावरचे चित्र मोबाईलने टिपून ते व्हॉट्सॲपवर फिरविले म्हणजे पुरावा झाला, असा आपल्या पोरांचा समज आहे. तो चुकीचा आहे. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आले की नाहीत, यावरून तेथील निवडणूक कार्यालयातील चित्रीकरण न्यायालयात गेले आणि वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की मूळ यंत्रच हजर केले आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. पण नक्कल द्यावयाची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हे कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात : एक देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात नकलेचा एक आकडी ठसा लिहावा लागतो. चित्रात तिळभर फेरफार झाला तर तो ठसा जुळत नाही. प्रमाणपत्र जोडले आहे का, हे आपल्या वकिलांस आणि सरकारी वकिलांस वेळीच विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

पोलीस ठाण्यातही पेटी असावयास हवी. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की प्रत्येक ठाण्याच्या दारात, कोठडीत, पडवीत, अधिकाऱ्यांच्या खोलीत कॅमेरे असावेत, रात्री दिसणारे आणि आवाज टिपणारे. आणि साठवण १८ महिन्यांची असावी, तशी यंत्रे मिळतच नसतील तर निदान एक वर्षाची. दुकानदाराचे सहा दिवस आणि ठाण्याचे अठरा महिने, हा फरक ध्यानी घ्या. ठाण्यात मारहाण झाली तर ते चित्रीकरण जपून ठेवावे अशी मागणी करण्याचा हक्क पीडिताला आहे, आणि तशी पाटी स्थानिक भाषेत दारात लावावी, असेही आदेशात आहे. आदेश झाला म्हणून कॅमेरे लागले आणि चालू राहिले, असे झाले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला या प्रश्नाची स्वतःहून दखल घ्यावी लागली. आपल्या तालुक्याच्या ठाण्यात ती पाटी आहे काय, हे सहज जाता-येता पाहावे.

आता विहाराविषयी. १० जुलै १९९७ च्या रात्रीनंतर घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याची विटंबना झालेली दिसली आणि ११ जुलैच्या सकाळी गोळीबारात दहा जणांचे प्राण गेले. तेव्हा चौकाचौकांत कॅमेरे नव्हते. आज अनेक वस्त्यांनी पुतळ्याजवळ, विहारात कॅमेरे बसविले आहेत. लोक कॅमेऱ्यांच्या संख्येवर पैसे घालतात आणि पेटीवर काटकसर करतात. त्याऐवजी दोन कॅमेरे कमी घ्यावेत, पण डिस्क मोठी घ्यावी. पेटी पुतळ्याजवळच ठेवू नये. पुतळ्याशी आलेला माणूस पेटीही उचलून नेतो. कुलपाच्या कपाटात ठेवावी, पण हवा खेळती हवी. लोडशेडिंगसाठी लहान यूपीएस हवा. आणि कॅमेऱ्याचे तोंड कोणाच्या मोरीकडे, नळावर पाणी भरणाऱ्या बायकांकडे नसावे. याविषयी बैठकीत आधी आपल्या भगिनींना विचारावे.

आमच्या वस्तीत ही बैठक झाली तेव्हा पासवर्ड कोणाकडे असावा यावर तासभर चर्चा झाली. अध्यक्षांकडे, असे बहुतेकांचे मत. शेवटी ज्या मुलाला मार बसला होता त्याच्या आईने सांगितले, की एकाकडे नको, दोघांकडे द्या, त्यांत एक बाई असू द्या. तसे ठरले. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाली की त्या दोघी-तिघी कपाट उघडतात, घड्याळ जुळवितात आणि सर्वांत जुने चित्र किती तारखेचे आहे ते वहीत लिहून ठेवतात.